सर्वोत्तम क्वाड कोणती? एका तुलनेचा इतिहास

१.
अलिबाग, नागाव किंवा काशीदच्या किनाऱ्यावर चार फुगीर चाकांची, मोटारसायकलसारखे हँडल आणि सीट असलेली एक गाडी पर्यटकांना फेऱ्या मारताना तुम्ही पाहिली असेल. आपल्याकडे ती करमणुकीची वस्तू आहे. अमेरिकेचा उत्तरेकडील बर्फाळ पट्टा, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे मात्र हीच क्वाड बाइक शेतकऱ्याचे अवजार आहे. कुंपण दुरुस्त करणे, मेंढ्या वळवणे, चारा वाहणे, अंगणातील बर्फ लोटणे, अशी सगळी कामे ती करते. आणि जिथे अवजार असते तिथे एक प्रश्न हमखास विचारला जातो: यांतले सर्वांत चांगले कोणते?

२.
आजचा धागा त्या प्रश्नाच्या इतिहासाविषयी आहे. चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या कामाच्या क्वाड १९८० च्या दशकात आल्या आणि तेव्हापासून त्यांची सतत तुलना होत आली. ही तुलना कोणत्या निकषांवर झाली? ते निकष कोठून आले? आणि कोणता निकष कित्येक वर्षे त्या यादीत खालच्या जागीसुद्धा नव्हता? या शेवटच्या प्रश्नाची किंमत माणसांच्या जिवाने मोजली गेली आहे, म्हणून धागा शेवटपर्यंत वाचा.

३.
सुरुवात एका व्यापारी अडचणीतून झाली. १९६७ मध्ये होंडाच्या अमेरिकी शाखेने जपानमधील अभियंत्यांकडे एक मागणी केली. हिवाळ्यात मोटारसायकली खपत नाहीत आणि विक्रेते रिकामे बसतात. त्या महिन्यांत विकता येईल असे काहीतरी हवे. ओसामु ताकेउची या अभियंत्याकडे हे काम आले. दोन, तीन, चार, पाच, अगदी सहा चाकांचेही नमुने करून पाहण्यात आले. बर्फ, चिखल आणि निसरड्या जमिनीवर वजन, शक्ती व पकड यांचा मेळ तीन चाकांवर उत्तम बसतो, असा निष्कर्ष निघाला.

४.
१९७० मध्ये ‘यूएस ९०’ बाजारात आली. इंजिन ८९ सीसीचे, किंमत ५९५ डॉलर. तिच्यातील खरी नवलाई टायरमध्ये होती. त्या काळी उत्तर अमेरिकेत अँफिकॅटसारखी सहा चाकांची उभयचर वाहने फिरत असत. त्यांच्या मऊ, रुंद, अगदी कमी दाबाच्या टायरवरून होंडाला कल्पना सुचली. मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३० पीएसआय हवा असते. क्वाडच्या टायरमध्ये ती जेमतेम तीन ते पाच पीएसआय असते. असा टायर दगडावरून जाताना स्वतः दबतो आणि वाळूत रुतत नाही. या पहिल्या गाडीला वेगळे सस्पेन्शन नव्हते. धक्के झेलण्याचे सगळे काम टायरच करत होते.

५.
१९७१ च्या ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ या बॉण्डपटात हीच तीनचाकी दिसते. म्हणजे तिची पहिली ओळख मौजेची होती. पण शेतकऱ्यांनी ती लवकरच कामाला जुंपली. होंडाने हे ओळखून १९८२ मध्ये ‘बिग रेड’ आणली. तिच्यावर सामान बांधण्यासाठी रॅक होते. १९८४ च्या आवृत्तीत इलेक्ट्रिक स्टार्ट, चेनऐवजी शाफ्टने फिरणारे मागील चाक आणि मागे जाण्याचा गिअर आला. मौजेच्या वाहनाचे अवजारात रूपांतर झाल्याची खूण या तीन सोयींमध्ये स्पष्ट दिसते.

६.
तीनचाकीत एक उपजत दोष होता. तिच्या मागील दोन्ही चाकांना जोडणारा आस अखंड असे, मध्ये डिफरन्शियल नसे. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते, पण अखंड आसामुळे दोन्ही चाके सारख्याच वेगाने फिरतात. त्यामुळे गाडी सरळच जाऊ पाहते. ती वळवण्यासाठी चालकाला शरीराचे वजन हलवून आतले चाक हलके करावे लागते. हे कौशल्य शिकावे लागते. ते अंगवळणी पडलेले नसेल आणि पुढे एकच चाक असेल, तर वेगात किंवा उतारावर गाडी उलटायला वेळ लागत नाही.

७.
१९८२ मध्ये सुझुकीने ‘क्वाडरनर एलटी १२५’ ही चारचाकी आणली आणि ‘क्वाड’ या प्रकाराला बाजारात स्थान मिळाले. १९८४ मध्ये होंडानेही आपली पहिली चारचाकी काढली. पुढे दोन चाके आल्यामुळे तिरके उलटण्याचा धोका पूर्वीपेक्षा कमी झाला. परंतु इंजिनाची शक्ती अजून मागच्या दोन चाकांनाच मिळत होती. ओल्या उतारावर, गाळात किंवा ओझे ओढताना मागची चाके जागच्या जागी फिरत आणि पुढची दोन नुसती ढकलली जात.

८.
१९८६ मध्ये होंडाची ‘फोरट्रॅक्स टीआरएक्स ३५०’ आली आणि कामाच्या क्वाडचा साचा ठरला. चारही चाकांना कायमची चालना, क्लच दाबण्याची गरज नसलेला पाच गिअरचा गिअरबॉक्स, चढावर ओझे ओढण्यासाठी वेगळा अतिमंद गिअर आणि मागे जाण्याची सोय. पुढच्या दोन चाकांमध्ये मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल होते. साधे डिफरन्शियल एक चाक हवेत गेले की सगळी शक्ती त्यालाच देऊन बसते. हे तसे होऊ देत नसे. मागचा आस मात्र पूर्वीसारखाच अखंड होता.

९.
याच सुमारास दुसरीकडे, नेमक्या उलट कारणासाठी, दुसरी एक कंपनी याच रस्त्याला लागली होती. मिनेसोटा राज्यातील रोझो या छोट्या गावात १९५४ मध्ये एडगर हेटीन, अ‍ॅलन हेटीन आणि डेव्हिड जॉन्सन यांनी पोलारिसचा पाया घातला. तिचा धंदा स्नोमोबिलचा, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाड्यांचा. होंडाला हिवाळ्यात विकायला काही नव्हते, तर पोलारिसला उन्हाळ्यात. बर्फ कमी पडला की वर्षच बुडे. १९८५ मध्ये पोलारिसने ‘ट्रेल बॉस’ ही क्वाड काढली. एकाच यंत्राकडे दोन कंपन्या दोन विरुद्ध ऋतूंमधून आल्या.

१०.
हा योगायोग केवळ गमतीचा नाही; पुढील तुलनेचे मूळ त्यात आहे. होंडाने मोटारसायकलची विद्या आणली: तेलात बुडालेले लोखंडी गिअर, आटोपशीर फोर-स्ट्रोक इंजिन. पोलारिसने स्नोमोबिलची विद्या आणली: टू-स्ट्रोक इंजिन आणि रबरी पट्ट्यावर चालणारे स्वयंचलित प्रसारण. अमेरिकी म्हणून मिरवणाऱ्या पोलारिसचे इंजिन जपानच्या फुजी कंपनीचे होते, हेही नोंदवून ठेवण्यासारखे. जाता जाता आणखी एक गोष्ट: एडगर हेटीन १९६० मध्ये पोलारिसमधून बाहेर पडले आणि त्यांनी थीफ रिव्हर फॉल्स येथे जी कंपनी काढली, तीच पुढे आर्क्टिक कॅट म्हणून १९९० च्या दशकात क्वाडच्या स्पर्धेत उतरली.

११.
पट्ट्याचे प्रसारण म्हणजे काय? दोन पुल्या आणि त्यांवर ताणलेला एक पट्टा. प्रत्येक पुलीच्या दोन बाजू जवळ आल्या की पट्टा वर चढतो, लांब गेल्या की खाली उतरतो. त्यामुळे गिअर न बदलता गाडीचे गुणोत्तर आपोआप बदलत जाते. नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये मोटारीत ही युक्ती आणली होती आणि स्नोमोबिलमध्ये ती रूढ झाली होती. आपल्या गिअर नसलेल्या स्कूटरही याच तत्त्वावर चालतात. आयुष्यात कधी मोटारसायकल न चालवलेल्या माणसालाही अशी क्वाड पहिल्या दिवशी चालवता येई.

१२.
१९८७ पर्यंत मैदान भरले होते. पोलारिसने ट्रेल बॉसची चारही चाकांवर चालणारी आवृत्ती काढली, यामाहाची ‘बिग बेअर ३५०’ आली, सुझुकीची २५० सीसीची ‘क्वाडरनर’ आली. दोन वर्षांनी कावासाकीची ‘बायू ३००’ चारही चाकांच्या चालनेसह दाखल झाली. १९८८ मध्ये होंडाने ‘फोरट्रॅक्स ३००’ आणली. ती २००० पर्यंत बाजारात राहिली आणि या प्रकारातील सर्वाधिक खपणाऱ्या गाड्यांमध्ये गणली गेली. आता ग्राहकासमोर खरीखुरी निवड होती आणि तुलनेचे युग सुरू झाले.

१३.
पण त्याच वर्षांत वॉशिंग्टनमध्ये वेगळेच वाचन चालू होते. ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाच्या नोंदींनुसार १९८२ मध्ये या गाड्यांमुळे झालेले मृत्यू काही डझनांत मोजता येत होते. १९८६ मध्ये तो आकडा ३०० च्या घरात गेला. त्या एका वर्षात रुग्णालयांत उपचार घेतलेल्या जखमींची अंदाजित संख्या लाखाच्या आसपास होती. मृतांमध्ये सोळा वर्षांखालील मुलांचे प्रमाण मोठे होते. डिसेंबर १९८७ मध्ये सरकारने न्यायालयात दावा दाखल केला.

१४.
एप्रिल १९८८ मध्ये न्यायालयाने तडजोडीच्या हुकूमनाम्याला मान्यता दिली. होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस या पाच कंपन्यांनी तीनचाकींची विक्री थांबवायची, खरेदीदारांना मोफत प्रशिक्षण द्यायचे, गाडीवर इशारे लावायचे आणि मोठ्या आकाराच्या क्वाड सोळा वर्षांखालील मुलांसाठी विकायच्या नाहीत. मुदत दहा वर्षे. ज्यांनी आधीच तीनचाकी घेतली होती त्यांना पैसे परत करण्याची तरतूद मात्र त्यात नव्हती आणि यावर तेव्हाच कडक टीका झाली. पुढे २००८ च्या कायद्याने नव्या तीनचाकींच्या विक्रीवर बंदीच आली.

१५.
या हुकूमनाम्याचा एक अप्रत्यक्ष परिणाम आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वेग आणि उड्या यांची जाहिरात अडचणीची झाली. कंपन्यांचे लक्ष रॅक, वजन ओढण्याची क्षमता आणि चारही चाकांची चालना यांकडे वळले. १९९० च्या दशकातील क्वाड ही प्रामुख्याने ‘कामाची’ क्वाड आहे. आता त्या दशकातील तुलना चार मुद्द्यांवर पाहू. प्रत्येक मुद्द्यात एक गोष्ट मिळवायची तर दुसरी सोडावी लागत होती.

१६.
पहिला मुद्दा: प्रसारण. होंडाचे गिअर तेलात बंद असत. पाणी, चिखल, धूळ यांचा त्यांना उपद्रव नाही. उतारावर गिअर खाली टाकला की इंजिनच गाडी आवरून धरते. पोलारिसचा पट्टा वापरायला सोपा, पण खोल पाण्यात भिजला तर घसरतो; जड ओझे मंद गतीने ओढत राहिले तर तापतो आणि कालांतराने बदलावा लागतो. सुरुवातीच्या पट्ट्याच्या गाड्यांमध्ये उतारावर इंजिनाचा रोध नसल्यासारखाच होता, सगळा भार ब्रेकवर. यामाहाने १९९३ च्या ‘कोडिअ‍ॅक’मध्ये पट्टा स्वीकारला. पुढे २००२ च्या ‘ग्रिझली ६६०’मध्ये पट्टा सतत ताणलेला ठेवून उतारावर रोध मिळवण्याची सोय केली.

१७.
दुसरा मुद्दा: चालनेची पद्धत. होंडाच्या जुन्या क्वाडमध्ये पुढची चाके कायम ओढत असत. चालकाला काही करावे लागत नसे. पण कठीण जमिनीवर हँडल जड होई आणि दिवसभराच्या कामानंतर खांदे भरून येत. पोलारिसच्या पुढच्या चाकांत रोलर क्लच होते. मागची चाके घसरू लागली की पुढची आपोआप जोडली जात आणि पकड परत आली की सुटत. एरवी हँडल हलके. मात्र सुरुवातीच्या पोलारिसमध्ये शक्ती चेनने पोचवली जाई आणि चिखलात चेनची निगा वारंवार राखावी लागे. सुझुकीच्या १९९१ च्या ‘किंगक्वाड ३००’मध्ये पुढचे डिफरन्शियल कुलूपबंद करता येई आणि गिअरचे तीन टप्पे मिळून पंधरा वेग मिळत.

१८.
तिसरा मुद्दा: मागचे सस्पेन्शन. अखंड आसाला झिजणारे भाग कमी. तो दणकट, स्वस्त. ओझे लादले तरी गाडीची उंची फारशी बदलत नाही. पण एक चाक दगडावर चढले की सगळी गाडी कलते आणि आसाचा मधला फुगवटा खुंटाला अडकतो. किंगक्वाडमध्ये चारही चाके स्वतंत्रपणे वरखाली होत. १९९६ च्या पोलारिस ‘स्पोर्ट्समन ५००’ने ही सोय लोकप्रिय केली. पाठीला आराम, जमिनीपासून जास्त उंची. बदल्यात जास्त सांधे, जास्त बेअरिंगे आणि फाटू शकणारी रबरी आवरणे.

१९.
चौथा मुद्दा: इंजिन. १९८६ चे ३५० सीसी तेव्हा भरपूर वाटले होते. २००२ मध्ये कावासाकीने ‘प्रेअरी ६५०’मध्ये दोन सिलिंडरचे व्ही-ट्विन इंजिन बसवले, पोलारिसही त्याच सुमारास ७०० सीसीला पोचली. होंडा या शर्यतीत मुद्दाम मागे राहिल्यासारखी दिसते. तिने आपल्या ‘फोरमन’ आणि ‘रँचर’ या गाड्यांत इंजिन अशा दिशेने बसवले की त्याचा फिरता दांडा थेट पुढे-मागे जाणाऱ्या शाफ्टच्या रेषेत येई. त्यामुळे शक्तीची दिशा वळवण्यात होणारे नुकसान कमी झाले. शिवाय पुशरॉड रचनेमुळे इंजिन ठेंगणे राहिले.

२०.
ग्राहकांना गिअर नकोसे झाले तेव्हाही होंडाने पट्टा घेतला नाही. १९९८ मध्ये बटण दाबून गिअर बदलण्याची सोय आणली. २००१ च्या ‘रुबिकॉन’मध्ये पट्ट्याऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे स्वयंचलित प्रसारण बसवले. २००३ च्या ‘रिंकन’मध्ये मोटारीसारखे टॉर्क कन्व्हर्टर आणि मागे स्वतंत्र सस्पेन्शन दिले. कोणत्या सोयीसाठी किती गुंतागुंत पत्करायची, या प्रश्नाला प्रत्येक कंपनीने दिलेले उत्तर असे तिच्या यंत्रात वाचता येते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हीसुद्धा साधनेच आहेत.

२१.
मग निकाल काय? निगा कमी, आयुष्य जास्त, दुरुस्ती सोपी हवी असेल तर गिअरची, अखंड आसाची होंडा. खडबडीत जमिनीवर रोज लांब अंतर कापायचे असेल आणि निगेचा खर्च चालत असेल तर स्पोर्ट्समनसारखी गाडी. तीव्र चढ-उतार आणि मंद गतीचे काम असेल तर किंगक्वाड. दोन्हींचा मध्य हवा असेल तर यामाहा. त्या काळचा अनुभवी शेतकरी साधारण असेच उत्तर देई आणि त्यात खोटे काही नाही. यंत्र म्हणून या तुलना प्रामाणिक आहेत.

२२.
पण या चार मुद्द्यांची यादी पुन्हा पाहा. प्रसारण, चालना, सस्पेन्शन, इंजिन. ही गाडी किती अंश उतारावर उलटते? उलटली तर खाली सापडलेल्या माणसाचे काय होते? हे दोन प्रश्न तुलनेत कुठेच नाहीत. तीनचाकी गेली आणि ‘स्थैर्याचा प्रश्न सुटला’ अशी समजूत रूढ झाली. प्रत्यक्षात चारचाकी क्वाडही अरुंद आणि उंच आहे. सुमारे ३०० किलोच्या गाडीवर ८० किलोचा चालक बसतो, म्हणजे तिचे संतुलन बऱ्याच अंशी चालकाच्या हालचालीवर अवलंबून असते. मागच्या रॅकवर फवारणीची टाकी ठेवली की गुरुत्वमध्य आणखी वर जातो, आणि टाकीतले पाणी उतारावर खालच्या बाजूला धावते.

२३.
हा प्रश्न ऐरणीवर आला तो ऑस्ट्रेलियात. तिथे २०१० च्या दशकात क्वाडमुळे वर्षाला सरासरी पंधराच्या आसपास माणसे मरत होती. मृत्यूंपैकी अनेक शेतावरचे, आणि प्रमुख कारण गाडी उलटणे. कित्येक जण मोठ्या जखमेविना, केवळ छातीवर पडलेल्या वजनाखाली गुदमरून गेले. एकट्याने दूरच्या माळावर काम करणाऱ्या माणसाला हाक मारायलाही जवळ कोणी नसते. ज्या गाडीखाली तो सापडला ती बहुधा उभी केली असती तर पहिल्या झटक्यात सुरू झाली असती. ‘भरवशाची’ या शब्दाचा अर्थ इथे थांबून विचारायला हवा.

२४.
न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील वाहतूक-सुरक्षा संशोधकांनी याच दशकात एक वेगळी तुलना केली. क्वाड आणि शेजारी-शेजारी बसायच्या साइड-बाय-साइड गाड्या मिळून १७ वाहने त्यांनी तपासली. त्यांना कलत्या मेजावर ठेवून कोणत्या अंशाला ती उलटतात हे मोजले; वळताना आणि अडथळ्यावर त्यांचे वर्तन पाहिले; उलटल्यावर चालकाला कितपत वाचवतात हे तपासले. ताकद किंवा टिकाऊपणा यांत गणतीला नव्हता. रुंद, ठेंगण्या, संरक्षक चौकट आणि पट्टा असलेल्या साइड-बाय-साइड गाड्या या कसोटीवर क्वाडपेक्षा सरस ठरल्या.

२५.
२०१५ मध्ये क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स येथील कॉरोनर न्यायालयांनी अनेक मृत्यूंची एकत्र चौकशी केली. खरेदीदाराला गाड्यांची सुरक्षितता ताडून पाहता यावी यासाठी गुणांकन असावे, अशी शिफारस तेथून पुढे आली. म्हणजे ‘सर्वोत्तम क्वाड कोणती’ हा बाजारातला प्रश्न आता न्यायासनासमोर होता. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाने सक्तीचे मानक जाहीर केले. ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक नव्या क्वाडवर ती किती अंशाला कलंडते याची माहिती देणारी चिठ्ठी आली. ऑक्टोबर २०२१ पासून सर्वसाधारण वापराच्या नव्या क्वाडवर उलटल्यास चालकासाठी जागा राखणारी संरक्षक कमान बंधनकारक झाली.

२६.
उत्पादकांचा याला विरोध होता आणि त्यांची बाजूही नीट मांडली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे: क्वाड ही चालकाने शरीर हलवून सांभाळायची गाडी आहे, कमान कधी कधी स्वतःच इजा करील, खरा उपाय हेल्मेट, प्रशिक्षण आणि मुलांना दूर ठेवणे हा आहे. विरोधी पक्षाचे उत्तर असे: दमलेला, साठीचा, संध्याकाळी घाईत घरी निघालेला शेतकरी प्रत्येक वेळी अचूक वागेल असे गृहीत धरून यंत्र आखता येत नाही. शेवटी होंडा आणि यामाहा यांनी ऑस्ट्रेलियात क्वाड विकणे थांबवले. चार दशके ज्यांच्या टिकाऊपणाचे दाखले दिले गेले, त्या गाड्या नव्या निकषापुढे बाजारातून बाजूला झाल्या.

२७.
शेजारच्या न्यूझीलंडने सक्ती केली नाही. तिथल्या अपघात-भरपाई महामंडळाने अशी कमान बसवणाऱ्या शेतकऱ्यांना अनुदान देण्याचा मार्ग घेतला. दोन शेजारी देश, एकच यंत्र, जवळपास सारखीच शेती आणि दोन वेगळी धोरणे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात यंत्र कसे वापरले जाईल हे केवळ यंत्र ठरवत नाही, याचे यापेक्षा सुबक उदाहरण शोधून सापडणार नाही.

२८.
अभ्यासकांसाठी एक सूचना. एखाद्या वस्तूच्या ‘सर्वोत्तम’ असण्याविषयीचा जुना मजकूर हाती आला तर दोन वाचने करावीत. पहिल्या वाचनात त्यातील निकाल पाहावा. दुसऱ्या वाचनात निकषांची यादी करावी आणि त्यात काय नाही हे शोधावे. जाहिराती आणि चाचण्यांच्या शेजारी न्यायालयीन कागद, अपघातांच्या नोंदी, विमा-भरपाईचे तपशील ठेवावेत. क्वाडच्या बाबतीत पहिल्या प्रकारची साधने यंत्र सांगतात, दुसऱ्या प्रकारची माणूस. एकाच गाडीविषयीचे हे कागद एकमेकांना भेटायला जवळजवळ तीस वर्षे लागली.

२९.
१९८६ ची फोरट्रॅक्स आजही कुठे कुठे चालू स्थितीत आढळते, आणि तिच्या निर्मात्यांचे कौशल्य नाकारण्याचे काहीच कारण नाही. चिखलातून, बर्फातून, ओझ्यासह परत येणारे यंत्र बनवणे हे अवघड काम होते आणि ते त्यांनी उत्तम केले. मात्र शेतावरच्या घरात संध्याकाळी वाट पाहणाऱ्यांसाठी भरवशाचा अर्थ एवढाच असतो की गाडीबरोबर माणूसही परत यावा. पुढच्या वेळी किनाऱ्यावर एखाद्या लहान मुलाला क्वाडच्या हँडलमागे बसवताना पाहिलेत, तर १९८८ चा तो हुकूमनामा आठवा आणि निदान हेल्मेट कुठे आहे एवढे तरी विचारा.

धागा समाप्त. शंका, दुरुस्त्या आणि पुढच्या विषयांच्या सूचना खाली जरूर लिहा.